फोटो डेटाबेसमध्ये का ठेवले? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. वधू-वर मंडळाच्या साइटचे फोटो डेटाबेसमध्येच ठेवा, हा माझा सल्ला तुम्हाला साफ चुकीचा वाटतो: डेटाबेस फुगतो, बॅकअप रखडतो, कॅशिंग (एकदा आलेला फोटो ब्राउझरने जपून पुन्हा वापरणं) हातचं जातं, आणि ‘फोटो फोल्डरमध्ये, टेबलात फक्त पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता’ हे कॉलेजातल्या पोरालाही कळतं.

कॅशिंगचं मान्य. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर फाइल देताना ईटॅग, म्हणजे फोटो बदलला का हे ब्राउझरला सांगणारी खूण, आपणहून लावतो; मला ते पीएचपीत, म्हणजे साइटच्या कोडमध्ये, हाताने लिहावं लागलं. पंधरा-वीस ओळी.

फुगण्याचं मात्र नाही पटलं. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 2006 साली एसक्यूएल सर्व्हर या त्यांच्या डेटाबेसवर हेच तपासलं होतं. 256 केबीपेक्षा लहान वस्तू डेटाबेसमध्ये बऱ्या, 1 एमबीपेक्षा मोठ्या फाइल म्हणून बऱ्या, मधल्यांचं ज्याच्या त्याच्या वापरावर. आमचा डेटाबेस मायएसक्यूएल, म्हणजे वेगळा, म्हणून तो आकडा जसाच्या तसा घेत नाही. पण आमचा फोटो छोटा करून 70 केबीचा होतो. दोन हजार स्थळं, प्रत्येकी दोन फोटो, म्हणजे 280 एमबी. एवढ्याने काय फुगणार? फोटोंचं टेबल तेवढं वेगळं ठेवा, नाहीतर कुणीतरी ‘सिलेक्ट स्टार’ (टेबलातले सगळे कॉलम द्या, अशी आज्ञा) मारतो आणि नावांच्या यादीबरोबर सगळे चेहरे ओढून आणतो.

आता खरं कारण. आधी आमच्याकडे तुम्ही म्हणता तसंच होतं, फोल्डर आणि पाथ. लग्न ठरलं की स्थळ काढायचं: आधी नोंद, मग फाइल. कोड बरोबर होता. सर्व्हर बदलताना फोल्डरची मालकी दुसऱ्या युजरकडे गेली आणि फाइल पुसणं बंद पडलं. पीएचपीने फक्त वॉर्निंग दिली आणि पुढे गेला. नोंद गेली, फोटो राहिला. यादीत स्थळ दिसेना, म्हणून आम्ही निर्धास्त. सात-आठ महिन्यांनी एका मुलीचे वडील राजवाड्याजवळच्या ऑफिसात आले. लग्नाआधी कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली लिंक तिच्या सासरी उघडली गेली होती, फोटो ठणठणीत. ते ओरडले नाहीत, मोबाइल टेबलावर ठेवून समोर बसून राहिले. त्या दिवशी आणलेले पोहे तसेच गार झाले.

आता फोटो नोंदीला फॉरेन कीने, म्हणजे दोन टेबलं जोडणाऱ्या दुव्याने, बांधलेला आहे. स्थळ काढलं की त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये फोटोही जातो. गेले तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. फाइल सिस्टिम आणि डेटाबेस यांच्यात असा करार नसतो, आणि ‘रोज रात्री अनाथ फाइली शोधणारी स्क्रिप्ट लावा’ म्हणाल, तर ती बंद पडल्याचं कोण बघणार? आमच्याकडे बघणारे म्हणजे निवृत्त झालेले एक काका, तेही रविवारी.

चुका मीही केल्या. पहिल्यांदा फोटोचा कॉलम साधा ‘ब्लॉब’ (फोटोसारखा कच्चा डेटा ठेवायचा प्रकार) घेतला. त्याची मर्यादा 65,535 बाइट, आणि स्ट्रिक्ट मोड, म्हणजे न मावणारा डेटा नाकारणारी सेटिंग, बंद. मायएसक्यूएलने उरलेला फोटो गुपचूप कापला. निम्म्या स्थळांच्या फोटोंत खाली करडा पट्टा! ‘मीडियमब्लॉब’ हा मोठा प्रकार केल्यावर सुटलो. त्यात 16 एमबी मावतं.

बॅकअपबद्दल ‘एकच फाइल, काळजी मिटली’ हे मी जरा सैल लिहिलं. डंपमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या बॅकअप फाइलमध्ये, फोटो हेक्समध्ये (प्रत्येक बाइट दोन अक्षरांत लिहून) काढले की जागा दुप्पट लागते. तरी काकांना एकच फाइल पेन ड्राइव्हवर घ्यायची असते, हे मला मोलाचं वाटतं. फोल्डर घ्यायचं ते दोनदा विसरले होते.

मंडळाच्या जुन्या कार्यक्रमांचे स्कॅन, एकेक 20-25 एमबीचे, मी फाइल म्हणूनच ठेवलेत. तिथे आपलं भांडण नाही.

एक मुद्दा तुम्ही काढला असता तर माझी पंचाईत होती: काढलेल्या स्थळाचा फोटो जुन्या डंपमध्ये राहतोच. तीन महिन्यांपूर्वीचे डंप काका पुसून टाकतात, असं काका म्हणतात. त्यांचा पेन ड्राइव्ह अजून मी बघितलेला नाही.