लाइट गेली की सोलरही बंद, हे विकताना का सांगत नाही?

छतावर तीन किलोवॅटचे पॅनल, डोक्यावर मे महिन्याचं ऊन, आणि खाली घरात पंखा बंद. का? तर लाइट गेली म्हणून! बसवणाऱ्याला फोन केला तर तो थंडपणे म्हणतो, "सर, ऑन-ग्रिडमध्ये असंच असतं." ऑन-ग्रिड म्हणजे वीज कंपनीच्या लाइनीला जोडलेलं, बॅटरी नसलेलं सोलर. असंच असतं ना, मग पैसे घेण्याआधी हे का नाही सांगितलं?

यामागचं कारण मला पूर्ण मान्य आहे. लाइन बंद पडली की ऑन-ग्रिड इन्व्हर्टरने (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राने) बंद व्हायलाच हवं, नाहीतर आमच्या छतावरची वीज उलटी लाइनीत जाऊन डीपीवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाईल. या नियमाबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. चीड येते ती लपवाछपवीची. "बिल शून्य, बिल शून्य" एवढंच घोकत दारोदार फिरायचं, आणि ज्या गावात वळवाचा पाऊस आला की तासन्‌तास लाइट जाते तिथल्या माणसाला हे एक वाक्य सांगायचं नाही! आमच्या घरात सासऱ्यांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं. त्यांना बिल किती आलं यापेक्षा फ्रिज चालू आहे का, हे जास्त महत्त्वाचं आहे.

बरं, आता लाइट गेल्यावरही घर चालावं म्हणून बॅटरी जोडायची म्हटलं तर खरा छळ सुरू होतो. पहिला बसवणारा म्हणाला, "घरातली जुनी इन्व्हर्टरची बॅटरी आहे ना, तीच लावू." अरे, ती १२ व्होल्टची, आणि पॅनल आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारे घरगुती हायब्रिड इन्व्हर्टर बहुतेक ४८ व्होल्टवर चालतात! एका बॅटरीवर कसं भागेल? दुसऱ्याने सांगितलं की आहे तो इन्व्हर्टर काढून हायब्रिड बसवावा लागेल. म्हणजे धडधाकट, वॉरंटीतला इन्व्हर्टर अडगळीत टाकायचा. तो ठेवून बॅटरीसाठी वेगळा इन्व्हर्टर जोडता येतो, त्याला एसी कपलिंग म्हणतात, हे मी स्वतः वाचून विचारलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. वर दोघांपैकी एकालाही नेट मीटरिंगचे (लाइनीत दिलेली जादा वीज बिलातून वजा करण्याच्या सोयीचे) कागद पुन्हा करावे लागतील का, ते सांगता येईना. वीज कंपनीच्या ऑफिसात विचारलं तर ते म्हणतात, तुमच्या एजन्सीला विचारा.

आणि ती कोटेशनं! एक जण "१५० एएच" लिहितो, दुसरा "५ केव्हीए" (ही तर इन्व्हर्टरची ताकद, बॅटरीची साठवण नव्हे), तिसरा "चार तास बॅकअप". चार तास कशावर? दोन पंख्यांवर की पाण्याच्या मोटरवर? एएचचा (अँपिअर-अवरचा) आकडा व्होल्टने गुणल्याशिवाय काही कामाचा नाही. १२ व्होल्टची १०० एएच बॅटरी म्हणजे सव्वा युनिटसुद्धा नाही, आणि ५१.२ व्होल्टची १०० एएच म्हणजे पाच युनिटच्या वर. कागदावर आकडा तोच, वीज चौपट! शिवाय लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची तर साधारण निम्मीच वापरायची असते. म्हणजे १५० एएचच्या चार ट्यूब्युलर बॅटऱ्यांत भरतात सात युनिट आणि हाताला लागतात साडेतीनच्या आसपास. लिथियम आयर्न फॉस्फेटवाली महाग, पण जवळजवळ पूर्ण वापरता येते आणि हजारो वेळा चार्ज होते. हे ग्राहकाने रात्र रात्र जागून स्वतः शिकायचं, आणि ज्याचा हा धंदा आहे त्याने ब्रोशर पुढे सरकवायचं. तीच लिथियम बॅटरी आपल्या इन्व्हर्टरशी बोलेल का, विचारलं तर "लावून बघू" म्हणतात. लाखाच्या घरातली वस्तू लावून बघू?

सरकारलाही विचारायचं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये घराच्या छतावरच्या सोलरसाठी सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजार अनुदान, चांगलंच झालं. पण बॅटरी जोडली म्हणून त्यात एक रुपया वाढत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये पॅनलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, लिथियम बॅटरीवर मात्र १८ टक्के. मोठ्या सोलर प्रकल्पांसोबत साठवणूकही उभारा, असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५ मध्येच सुचवलं. म्हणजे दुपारची वीज संध्याकाळसाठी ठेवायला हवी हे दिल्लीत कळतं. मग तेच काम घरात करणाऱ्याकडून साडेतीनपट कर कशाला?

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक ऑन-ग्रिड कोटेशनवर, मराठीत, किमतीच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा: लाइट गेल्यावर ही सिस्टीम बंद पडते. खाली लिहा, पुढे बॅटरी जोडायची तर काय बदलावं लागेल आणि आजच्या भावाने किती खर्च येईल. बॅटरीचं कोटेशन युनिटमध्ये द्या, वापरता येतील तेवढीच युनिटं मोजून. आणि त्याखाली सही करा, म्हणजे उद्या "असंच असतं" म्हणायची सोय राहणार नाही.