बिग टेनमधला सर्वांत बलाढ्य संघ कोणता? फिरत्या यादीतली बेरीज कुठे चुकते

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा मोसम जवळ आला की एक यादी हमखास फिरायला लागते: ‘बिग टेन कॉन्फरन्सचे अठरा संघ, ऐतिहासिक ताकदीनुसार’. ॲन आर्बर, कोलंबस, वेस्ट लफायेट, अर्बाना-शँपेन इथे शिकलेली मराठी मुलंही ती उत्साहाने पुढे पाठवतात, कारण त्यांची विद्यापीठं याच कॉन्फरन्समधली, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या याच गटातली. यादीचा हिशोब सोपा आहे. एकूण विजय, राष्ट्रीय विजेतेपदं, कॉन्फरन्स विजेतेपदं आणि बोल सामने (मोसम संपल्यावर निमंत्रणावरून होणारे सामने) घ्यायचे, बेरीज करायची आणि नंबर लावायचे. मिशिगन पहिलं, ओहायो स्टेट दुसरं, मग यूएससी (दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ), नेब्रास्का, पेन स्टेट, मिनेसोटा, तळाशी इंडियाना. शेवटी एक वाक्य: ‘आकडे खोटं बोलत नाहीत.’

आकडे खोटे नाहीत, हे मान्य. गोंधळ होतो तो ज्वारी, गहू आणि खडे एकाच पोत्यात भरून वजन केल्यामुळे. यादीतले मुद्दे एकेक करून पाहू.

‘सर्वांत जास्त विजय मिशिगनचे, म्हणून मिशिगन पहिलं.’

१८ नोव्हेंबर २०२३ रोजी मेरीलँडला ३१-२४ असं हरवून मिशिगनने हजारावा विजय मिळवला. हा टप्पा गाठणारा तो पहिलाच संघ. पण मिशिगन १८७९ पासून खेळतंय आणि ओहायो स्टेट १८९० पासून. जो आधी दुकान उघडतो त्याच्या गल्ल्यात जास्त पैसे जमणारच. म्हणून विजयांची संख्या सोडून टक्केवारी पाहायची, आणि ती पाहिली की दोघंही ७३ टक्क्यांच्या आसपास निघतात.

त्याहून बोलका आहे दोघांमधला आपसातला हिशोब. २०२५ च्या मोसमापर्यंत दोघांमध्ये १२१ सामने झाले. मैदानावरचा निकाल असा: मिशिगन ६२, ओहायो स्टेट ५३, बरोबरी ६. बरोबरीला अर्धा विजय धरला, तर मिशिगनचे ६५ भागिले १२१, म्हणजे ०.५३७. यादीवाले इथेच थांबतात.

आता पहिले पंधरा सामने वेगळे काढा. १८९७ ते १९१८ या काळात मिशिगनने १३ जिंकले, २ बरोबरीत सुटले आणि ओहायो स्टेटला एकही जिंकता आला नाही. १९०२ चा निकाल तर ८६-० होता. ओहायो स्टेटचा पहिला विजय आला १९१९ मध्ये, १३-३. हे पंधरा वजा केले की उरतात मिशिगन ४९, ओहायो स्टेट ५३, बरोबरी ४. मिशिगनचा आकडा ०.४८१ वर येतो. म्हणजे आजवरची सगळी आघाडी त्या पंधरा सामन्यांतली आहे. त्यातले चौदा तर झाले तेव्हा हे दोन संघ एका कॉन्फरन्समध्येही नव्हते: ओहायो स्टेट १९१२ मध्ये आत आलं आणि मिशिगन १९०७ ते १९१६ बाहेर होतं. २००१ पासूनचे २४ सामने घेतले (२०२० चा रद्द झाला), तर ओहायो स्टेट १८, मिशिगन ६. त्या सहांपैकी चार ओळीने, २०२१ ते २०२४.

त्या जुन्या काळाला कमी लेखायचं कारण नाही. १९०१ च्या मिशिगनने सगळ्या मोसमात मिळून ५५० गुण केले आणि एकही दिला नाही. बफेलोवर १२८-० हा निकाल त्यातलाच. पण तेव्हा टचडाउनला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेण्याला) पाच गुण होते आणि चेंडू पुढे फेकून पास देणं १९०६ पर्यंत नियमातच नव्हतं. तो खेळ वेगळा. त्याचा रकाना वेगळा ठेवा, एवढंच म्हणणं आहे.

‘राष्ट्रीय विजेतेपदं मोजा, वाद संपेल.’

वाद इथेच सुरू होतो. वरच्या श्रेणीच्या कॉलेज फुटबॉलमध्ये एनसीएए ही नियामक संस्था अधिकृत विजेता जाहीरच करत नाही. पत्रकारांच्या मतांनी संघांचे क्रम लावणारा एपी पोल १९३६ पासून, प्रशिक्षकांचा १९५० पासून, ठरवून खेळवलेला अंतिम सामना १९९८ पासून, चार संघांचा प्लेऑफ (बाद फेरी) २०१४ पासून आणि बारा संघांचा २०२४ पासून. त्याआधीचं बरंचसं म्हणजे कुणीतरी नंतर बसून काढलेली गणितं, आणि विद्यापीठाने त्यातलं सोयीचं उचलून केलेला दावा. यूएससीने १९३९ चं विजेतेपद आपल्या यादीत घातलं ते २००४ मध्ये, पासष्ट वर्षांनी.

मिशिगनचे दावे बारा; त्यातले आठ एपी पोल सुरू होण्याआधीचे. ओहायो स्टेटचे नऊ, सगळे नंतरचे. १९०४ चं विजेतेपद तर मिशिगनही सांगतं आणि मिनेसोटाही. एकाच वर्षी, एकाच कॉन्फरन्सचे दोन संघ, आणि फिरती यादी दोघांनाही पूर्ण गुण देते.

खरी गंमत पुढे आहे. पूर्वी शेवटचा पोल बोल सामन्यांच्या आधीच लागायचा. एपीने १९६५ चा अपवाद सोडता १९६८ मध्ये, तर प्रशिक्षकांनी १९७४ मध्ये ही पद्धत कायमची बदलली. १९६० मध्ये दोन्ही पोलनी मिनेसोटाला विजेता ठरवलं, आणि २ जानेवारी १९६१ ला रोझ बोल या बोल सामन्यात वॉशिंग्टनने त्यांना १७-७ हरवलं. १९६५ मध्ये प्रशिक्षकांच्या पोलने मिशिगन स्टेटला मुकुट दिला. रोझ बोलमध्ये यूसीएलएने (लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने) त्यांना १४-१२ हरवलं. १९५४ ला एपीने ओहायो स्टेट निवडलं, प्रशिक्षकांनी यूसीएलए. १९९७ ला एपीने मिशिगन, प्रशिक्षकांनी नेब्रास्का. १९९४ मध्ये नेब्रास्का आणि पेन स्टेट दोघंही अपराजित होते, पण पेन स्टेटला बिग टेनच्या कराराप्रमाणे रोझ बोलला जावं लागलं, गाठ पडलीच नाही, आणि दोन्ही पोल नेब्रास्काकडे गेले. या पाचही भांडणांतले सगळे पक्षकार आज बिग टेनचे सदस्य आहेत. ज्या यादीला हे संघ एकमेकांशी तोलायचे आहेत, तिने नेमके हेच निकाल बाजूला ठेवून नुसती चषकांची संख्या घ्यावी, हे अजब आहे.

‘बोल सामने किती खेळले, यावरून दर्जा कळतो.’

हा मुद्दा दोन ओळींत निकाली निघतो. १९२१ च्या रोझ बोलनंतर १९४६ पर्यंत बिग टेनने आपल्या संघांना बोल खेळायलाच बंदी केली होती. मिनेसोटाचा १९३४, ३५, ३६, ४० आणि ४१ चा सुवर्णकाळ पूर्णपणे त्या बंदीतला, म्हणून त्या रकान्यात भोपळा. पुढे १९७५ पर्यंत कॉन्फरन्समधून एकच संघ जायचा, आणि बराच काळ गेल्या वर्षी गेलेल्याला या वर्षी मनाई. १९७३ मध्ये मिशिगन आणि ओहायो स्टेट १०-१० बरोबरीत सुटले. रोझ बोलला कोण जाणार हे क्रीडा संचालकांच्या मतदानाने ठरलं, ओहायो स्टेट गेलं आणि एकही सामना न हरलेलं मिशिगन घरी बसलं. आजकाल सहा विजय मिळाले तरी बोल मिळतो.

‘कॉन्फरन्स विजेतेपदं तरी निर्विवाद आहेत.’

नाहीत. २०११ मध्ये अंतिम सामना सुरू होईपर्यंत विजेतेपद वाटून घेतलं जायचं. १९९० मध्ये आयोवा, इलिनॉय, मिशिगन आणि मिशिगन स्टेट असे चार विजेते झाले. फिरत्या यादीत चौघांनाही एकेक गुण, म्हणजे एका वर्षात चार विजेतेपदं वाटली गेली. अंतिम सामना आल्यावरही सगळं सरळ झालं नाही. २०१२ मध्ये विस्कॉन्सिन आपल्या गटात तिसरं होतं. वरचे दोघे, ओहायो स्टेट आणि पेन स्टेट, एनसीएएच्या शिक्षेमुळे बाद होते. ओहायो स्टेट तर १२-० होतं. विस्कॉन्सिन अंतिम सामन्यासाठी इंडियानापोलिसला गेलं, नेब्रास्काला ७०-३१ हरवून चषक घेऊन आलं. पुढे २०१४ ते २०२३ या दहा वर्षांत पूर्व आणि पश्चिम असे गट होते आणि दहाही अंतिम सामने पूर्वेने जिंकले. पश्चिमेचा गटविजेता आणि पूर्वेतला तिसरा संघ यांत बलवान कोण, याचं उत्तर चषकांच्या कपाटात मिळत नाही.

युद्धकाळ तर साफ वेगळा काढावा. १९४३ मध्ये नौदलाच्या प्रशिक्षणासाठी खेळाडू एका विद्यापीठातून दुसऱ्यात पाठवले गेले. इलिनॉयचा टोनी बटकोविच पर्ड्यूकडून खेळला, विस्कॉन्सिनचा एलरॉय हर्श मिशिगनकडून. त्या वर्षीचं विजेतेपद पर्ड्यू आणि मिशिगन यांनी वाटून घेतलं. ते बळ नक्की कुणाच्या खात्यावर मांडायचं?

शिवाय शिक्षेत काढून घेतलेले विजय आहेत. ओहायो स्टेटचे २०१० चे विजय रद्द झाले, त्यात मिशिगनवरचाही होता. म्हणून अधिकृत नोंद ६२-५२-६ आहे आणि आम्ही वर मैदानावरची ६२-५३-६ घेतली. पेन स्टेटचे विजय २०१२ मध्ये रद्द झाले आणि २०१५ मध्ये परत मिळाले. दोन याद्यांत तफावत दिसली की आधी हे तपासा.

‘यूएससी तिसरं, नेब्रास्का चौथं.’

कशात तिसरं? यूएससी, यूसीएलए, ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये आले ते २०२४ मध्ये. नेब्रास्का २०११ मध्ये. नेब्रास्काची पाचही राष्ट्रीय विजेतेपदं (१९७०, ७१, ९४, ९५, ९७) बिग एट आणि बिग ट्वेल्व्ह या दुसऱ्या कॉन्फरन्समधली. बिग टेनचं विजेतेपद त्यांना अजून एकदाही मिळालेलं नाही. ‘आजच्या सदस्यांचा इतिहास’ आणि ‘या कॉन्फरन्समधला इतिहास’ अशा या दोन निराळ्या याद्या आहेत. पहिलीत नेब्रास्का वर असणं योग्यच, दुसरीत त्याला मधल्या रांगेतही जागा मिळवताना घाम फुटेल. आणि दुसरी करायची तर शिकागो विद्यापीठाला विसरून चालणार नाही. संस्थापक सदस्य, सात विजेतेपदं, १९३५ च्या पहिल्या हाइझमन करंडकाचा (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराचा) मानकरी जे बरवँगर त्यांचाच. १९३९ नंतर त्यांनी फुटबॉलच बंद केलं आणि १९४६ मध्ये कॉन्फरन्स सोडली.

‘इंडियाना कायमचं तळाला.’

२०२४ च्या मोसमापर्यंतच्या एकूण पराभवांची बेरीज केली तर हो. पण १९४५ मध्ये याच इंडियानाने विजेतेपद एकट्याने जिंकलं, १९६७ मध्ये वाटून घेतलं, आणि २०२५ मध्ये ओहायो स्टेटला १३-१० हरवून पुन्हा जिंकलं. कर्ट सिग्नेटी प्रशिक्षक म्हणून आल्यानंतरचा तो दुसराच मोसम. बळ का येतं आणि का जातं, हे बेरजेत दिसत नाही. साठच्या दशकात मिनेसोटा आणि मिशिगन स्टेट वर होते त्याचं एक मोठं कारण असं की दक्षिणेतली मोठी विद्यापीठं कृष्णवर्णीय खेळाडूंना घेत नव्हती. नॉर्थ कॅरोलायना राज्यातले बॉबी बेल आणि कार्ल एलर मिनेसोटाला आले, टेक्सस राज्यातला बबा स्मिथ मिशिगन स्टेटला. दक्षिणेची दारं उघडली आणि हा झरा आटला. पुढे प्रत्येक संघाच्या शिष्यवृत्त्यांवर मर्यादा आली: १९७३ मध्ये १०५, १९७८ मध्ये ९५, आणि १९९२ पासून टप्प्याटप्प्याने कमी होत १९९४ मध्ये ८५. मोठ्या संघांना गुणी पोरं नुसती बाकावर बसवून ठेवणं अवघड झालं.

मग क्रमवारी लावायची कशी?

आधी दोनपैकी कोणती यादी करताय ते ठरवा. कॉन्फरन्समधली करायची तर फक्त कॉन्फरन्सचे सामने घ्या आणि संघ कॉन्फरन्समध्ये खेळायला लागल्यापासूनच मोजा. मिशिगन स्टेट १९५३ पासून, पेन स्टेट १९९३ पासून. काळाचे तुकडे पाडा: १८९६ ते १९४५, १९४६ ते १९७२, १९७३ ते १९९२, १९९३ ते २०१०, २०११ ते २०२३, आणि २०२४ पासून पुढे. हे टप्पे मनाला येतील तसे पाडलेले नाहीत. प्रत्येक ठिकाणी रोझ बोलचा करार, शिष्यवृत्तीची मर्यादा किंवा सदस्यसंख्या बदलली आहे. १९९६ च्या आधी बरोबरी सोडवायला जादा वेळ नव्हता, तेव्हा बरोबरी अर्धा विजय धरा. वाटलेलं विजेतेपद वाटेकऱ्यांच्या संख्येने भागा. रद्द झालेल्या विजयांसाठी दोन रकाने ठेवा. आता अठरा संघ आणि नऊच सामने असल्याने कोण कुणाशी खेळलं हे पाहिल्याशिवाय अलीकडची टक्केवारी वापरू नका.

१९९३ पासूनचं उदाहरण करून पाहा. फिरती यादी पेन स्टेटला विस्कॉन्सिनच्या बरीच वर ठेवते. पेन स्टेट: १९९४ एक, २००५ अर्धा, २००८ अर्धा, २०१६ एक; एकूण ३. विस्कॉन्सिन: १९९३ अर्धा, १९९८ एक तृतीयांश, १९९९ एक, २०१० एक तृतीयांश, २०११ एक, २०१२ एक, एकूण ४.१७. ते २०१२ चं वादग्रस्त विजेतेपद अख्खं काढून टाकलं तरी ३.१७.

आमच्या मते १९४६ नंतरच्या कॉन्फरन्सच्या यादीत ओहायो स्टेट पहिलं आणि मिशिगन दुसरं, फार अंतर न ठेवता. १९४५ पर्यंतच्या यादीत मिशिगन पहिलं, आणि दुसऱ्या जागेसाठी मिनेसोटाशी भांडायला आज फुटबॉलच्या या पातळीवर नसलेलं शिकागो उभं असेल.