“नुसतं ग्रीस लावून 6,850 घेतले” या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार शेठ. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत की ट्रेलर धक्के मारतो म्हणून आमच्याकडे दिला, आम्ही दोन दिवस अडवून ठेवला, नुसतं ग्रीस लावून 6,850 घेतले आणि उरणला जाईपर्यंत पुन्हा तेच धक्के. गाडी उभी राहिली की हप्ता थांबत नाही, हे मला कळतं. रविवारी मी तुम्हाला फोन करायला हवा होता, राहून गेला. ती चूक माझी, माफ करा.

पण “नुसतं ग्रीस” हे फार लागलं.

गाडी शनिवारी संध्याकाळी सातला कळंबोलीत आली. त्याच रात्री ट्रेलरचे ब्रेक लावून तुमच्या ड्रायव्हरला घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी, हळूहळू पुढे-मागे घ्यायला सांगितला आणि मी खाली वाकून टॉर्च मारली. फिफ्थ व्हीलच्या, म्हणजे घोड्यावर ट्रेलर जोडतात त्या जोडणीच्या, प्लेटवर ट्रेलर सरकताना दिसत होता, दर वेळी टक असा आवाज. मग ट्रेलर सोडवला, किंगपिन, म्हणजे त्या जोडणीत अडकणारी ट्रेलरखालची पिन, पुसून जाडी मोजायला व्हर्नियर लावला. नवी दोन इंची पिन 50.8 मिलिमीटर असते आणि झिजून 49 वर आली की बदलायची. तुमची 49.9 भरली. मी तिथेच म्हणालो, पिन चांगली आहे, हात लावू नका. मला पैसेच काढायचे असते तर हीच पिन बदलायला सांगितली असती की.

पिन पकडून ठेवणारा फिफ्थ व्हीलचा जबडा सैल होता, तो ॲडजस्ट केला. मागे बॅलन्सरचे (दोन ॲक्सलवर वजन वाटणारा भाग) बुश, म्हणजे आतल्या नळ्या, झिजून लंबगोल झाले होते. रविवारी ते कुठेच मिळाले नाहीत. सोमवारी सकाळी आणले, दुपारी दीडला गाडी तयार. प्लेटवरचं जुनं ग्रीस मातीने दगडासारखं झालं होतं, ते खरवडायलाच पोराला पाऊण तास लागला. बुश 3,400, लेबर 3,000, ग्रीस 450. बिलावर तसंच लिहिलंय, एकदा बघा.

आता उरणच्या धक्क्यांचं. सोमवारी रात्री तुमचा फोन आल्यावर मी ड्रायव्हरला विचारलं, गाडी उचलताना किंवा ब्रेक मारताना झटका बसतो का? तो म्हणाला, नाही, तो गेला, पण खड्ड्यात मागून उसळते. शेठ, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे-मागे बसणारा झटका जबड्याचा, पिनचा. वर-खाली उसळणं पाट्यांचं (स्प्रिंगच्या पट्ट्यांचं), टायरचं आणि वजनाचं. तुमचा 40 फुटी कंटेनर रिकामा होता, म्हणजे जेमतेम चार टन. वीस-पंचवीस टनांसाठी बसवलेले पाटे तेवढ्यात दबतच नाहीत. त्यात टायर थंड असताना हवा 140 पीएसआय निघाली. कमी करू का विचारलं तर ड्रायव्हर म्हणाला, शेठ ओरडतील. ट्रायलला पळस्पे फाट्यापर्यंत चल म्हटलं, तर गेटची वेळ जाईल म्हणून तसाच निघाला.

आणि फोनवर तुम्ही माझ्या पोराला विचारलंत, “पाना धरता येतो का तुला?” तो बारावी करून चार वर्षं माझ्या हाताखाली आहे. त्या रात्री तो जेवला नाही. मला बोला, हरकत नाही.

हे इथे लिहितोय कारण तुमचा रिव्ह्यू वाचून दोन जुन्या गिऱ्हाइकांनी फोन करून विचारलं, काय झालं म्हणून. आमचं सगळं पोट या पिटवर, गाडीखाली काम करायच्या खड्ड्यावर, आहे.

यापुढे काम लांबलं तर फोन करू, मापंही बिलावर लिहून द्यायचा विचार आहे. तुम्ही भरलेला ट्रेलर घेऊन या, हवा बघून मी स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून ट्रायल मारतो. त्याचं लेबर घेणार नाही. रविवार सोडून कधीही या, फक्त निघताना पोराला फोन करा, म्हणजे पिट रिकामा ठेवता येईल.