३.१ मिलिमीटरचा मंगळ

आमच्या घरात ‘स्कूटर’ म्हटलं की आबांच्या डोळ्यांसमोर बजाज चेतक उभी राहते. नंबर लावायचा, वर्षानुवर्षं वाट पाहायची, आली की आधी हार आणि मग पेढे. त्यामुळे नातवानं दहाव्या वाढदिवसाला ‘स्टंट स्कूटर’ मागितली, तेव्हा आबांचा पहिला प्रश्न होता, ‘‘आणि लायसन?’’ खोकं उघडल्यावर त्यांनी दोन चिमुकली चाकं, एक फळी आणि टी आकाराचा दांडा यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग दुसरा प्रश्न आला, ‘‘स्टेपनी कुठाय?’’

दोन महिने बरे गेले. मग स्कूटर वाजायला लागली. पार्किंगमध्ये चिरंजीव उडी मारून खाली आले की खडखड असा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत यायचा. आम्ही पुणेकर, आवाज करणाऱ्या वाहनावर बसून आयुष्य काढलेली माणसं. मला त्यात काही गैर वाटलं नाही. पण चिरंजीवांना खाली मान घालावी लागत होती म्हणे. ‘‘बाबा, ही डायल्ड नाहीये.’’ स्कूटरवाल्यांच्या भाषेत डायल्ड म्हणजे जी कुठेही हलत नाही, वाजत नाही ती. या व्याख्येत आमच्या घरातलं फक्त देवघर बसतं.

‘‘पार्ट बदलायला लागतील,’’ असा निकाल बी विंगमधल्या दादानं दिला. हा दादा आठवीत आहे. आमची स्कूटर त्यानं उचलली, जमिनीवर अलगद आपटली, कान लावला आणि मला विचारलं, ‘‘काका, कॉम्प्रेशन कुठलं आहे?’’

मी म्हटलं, ‘‘गोळी घेतली की नॉर्मल असतं.’’

त्याला दया आली असावी. त्यानं समजावून सांगितलं. पुढच्या चाकाला धरणारा तो फोर्क. त्याची नळी फळीच्या मानेतून वर येते. मानेत वरखाली दोन बेअरिंग, त्यांचं नाव हेडसेट. हे सगळं एकमेकांवर दाबून ठेवणारी व्यवस्था म्हणजे कॉम्प्रेशन. त्यात आयएचसी, एचआयसी, एससीएस अशी गोत्रं आहेत, आणि इथे गोत्र जुळावंच लागतं. बार म्हणजे तो टी आकाराचा दांडा. एससीएसला खाली चीर नसलेला बार लागतो, बाकीच्या दोघांना चीर असलेला. आयएचसीचा बार बाहेरून ३१.८ मिलिमीटर, एचआयसीचा ३४.९. ‘‘तुमची आयएचसी आहे. बार घेताना विचारून घ्या, काका.’’

मी विचारून घेतलं नाही. विचारून घेणारा माणूस रात्री साडेअकराला मोबाइलवर खरेदी करत नाही. त्या रात्री मी आधी भरपूर वाचलं, हे नमूद करतो. उदाहरणार्थ, घडी होणाऱ्या छोट्या स्कूटरचं आजचं रूप झुरिकच्या विम उबोटर या गृहस्थांमुळे आलं. त्यांना सॉसेज खायला जायचं होतं. दुकान चालत जायला लांब आणि सायकल बाहेर काढायला फारच जवळ, म्हणून त्यांनी दोन चाकांची फळी जोडली. तेवढ्याच अंतरावर वडापाव आणायला आपल्याकडे माणूस ॲक्टिव्हा काढतो आणि ती लावायला जागा शोधत घराच्या दारापर्यंत परत येतो. शोध लागायचे ते असे राहून जातात.

तर बार. पावसात रस्त्यावर पेट्रोल सांडलं की जे रंग दिसतात, तसल्या रंगाचा तो होता. उंची कमरेपर्यंत आणि रुंदी खांद्यांइतकी हवी, हे मी चिरंजीव झोपेत असताना टेपनं मोजून घेतलं. जाडी मोजायला झोपेतलं मूल उपयोगाचं नसतं.

चार दिवसांनी बार आला आणि तो ३४.९ निघाला. चूक शंभर टक्के माझी. आमच्या फोर्कवर तो इतका सैल बसला की मध्ये पोळीचा रोल मावला असता. आणि बार फोर्कवर आवळून धरणारा आमचा क्लॅम्प त्याच्यावर इतका घट्ट झाला की बसेचना. आतून सैल, बाहेरून घट्ट. आबा म्हणाले, ‘‘पत्रिका बघितली नाहीस.’’ फरक ३.१ मिलिमीटरचा. एवढ्याशा मंगळावरून मी यापूर्वी फक्त लग्नं मोडलेली पाहिली होती.

मग मी ग्रिपकडे वळलो. ग्रिपला गोत्र नसतं. सगळ्यांत स्वस्त आणि हाताला सगळ्यांत आधी जाणवणारा बदल. नवी ग्रिप दांड्यावर चढवणं हे मात्र ओल्या पायावर घट्ट मोजा चढवण्यासारखं आहे. मी डोकं लढवून खोबरेल तेल लावलं. ग्रिप सर्रकन चढली. संध्याकाळी चिरंजीवांनी उडी मारली तेव्हा स्कूटर खाली आणि दोन्ही ग्रिप त्यांच्या हातात होत्या. ‘‘काका, सॅनिटायझर लावायचं. ते उडून जातं,’’ दादा म्हणाला. तेल उडून जात नाही, हे मला डोक्यावरून माहीत असायला हवं होतं. ग्रिप साबणानं धुण्यात माझा एक रविवार गेला.

हेल्मेट आणि नडगीचे पॅड हिनं कुणालाही न विचारता आणले. पुण्यात हेल्मेट हा चर्चेचा विषय असला, तरी आमच्या घरात ती चर्चा झाली नाही. त्याच आठवड्यात फळी गरकन फिरवायची कसरत मी स्वतः करून पाहिली, आणि ती फळी पूर्ण फेरा मारून घोट्याच्या हाडावरच का थांबते हे मला समजलं. घोट्याला पॅड नव्हता.

चाकं बदलावीत, यावर मात्र दादाचं आणि माझं एकमत झालं. मूळची प्लॅस्टिकच्या गाभ्याची, आदळली की वाकणारी. धातूच्या गाभ्याची घ्यायची ठरली. ११० मिलिमीटरची मिळत होती, पण आमच्या फोर्कमध्ये १००चीच मावतात. यावेळी मी मोजलं होतं, तीनदा. चाकं बसवली, नट आवळला, आणि पुढचं चाक फिरेना. सैल केलं की फिरतं पण डुगडुगतं, आवळलं की सत्याग्रह. तासाभरानं आबांना पाटाखाली एक छोटी नळी सापडली. ती दोन बेअरिंगच्या मध्ये बसते. नसेल तर नट आवळताना बेअरिंगच चेपतात. ‘‘आमच्या स्कूटरमधून कधी काही उरायचं नाही,’’ असं म्हणून त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली, प्रसाद ठेवतात तशी.

एवढं सगळं होऊन स्कूटर खाली नेली. चिरंजीवांनी उडी मारली. खडखड.

दादानं खिशातून ॲलन की काढली. क्लॅम्पचे बोल्ट सैल केले, बार उपसून बाजूला ठेवला, फोर्कच्या माथ्यावरचा एक छोटा बोल्ट अर्धा फेरा आवळला, बार परत घातला, चाकाच्या रेषेत आणून क्लॅम्प आवळला. स्कूटर उचलून आपटली. आवाज नाही. पाच मिनिटं, फुकट.

‘‘अरे, मग हे आधी का नाही केलंस?’’

‘‘तुम्ही बदलायचं म्हणालात ना, काका.’’

निकाल त्यानंच दिला होता, हे मी त्याला सांगणार होतो. पण ॲलन की त्याच्या हातात होती.

तो पेट्रोलरंगी बार आबांनी बाल्कनीच्या ग्रिलला सुतळीनं बांधलाय. त्यावर त्यांचा पंचा वाळतो. परवा दादा चेंडू मागायला आला, तेव्हा त्यानं पंचा हळूच सरकवून बारवरून हात फिरवला.

‘‘भारी आहे, काका. वाया घालवताय. याला फक्त एचआयसीचा फोर्क, किट आणि मोठा क्लॅम्प घेतला ना, तर…’’

आतून हिनं भांडं जरा जोरातच ठेवलं. मी बाल्कनीचं दार लोटून घेतलं.

‘‘किती मिलिमीटरचा?’’