पॅनेल लॉक केलं म्हणजे मिक्सर लॉक झाला?

माझे मामा एका सभागृहाच्या समितीवर आहेत. परवा त्यांनी एक मेसेज पाठवला: 'डिजिटल मिक्सरचं पुढचं पॅनेल लॉक करा, सिस्टीम शंभर टक्के सेफ!' (मिक्सर म्हणजे माइक-वाद्यांचे आवाज एकत्र करून कमी-जास्त करणारं यंत्र.) खाली चार मुद्दे आणि शेवटी 'सर्व साउंडवाल्यांपर्यंत पोहोचवा'. मी तो वाचेपर्यंत मामांनी वायरमनला सांगून राउटरवरच्या वायफायचा पासवर्ड काढूनही टाकला होता. म्हणून हा खटाटोप.

पहिला मुद्दा, 'लॉक असेल तर कोणी बटणांशी खेळत नाही.' बरं, हे मान्य. पोरांची बोटं, कोपऱ्याचा धक्का, 'जरा आवाज वाढवतो' म्हणत पुढे सरसावणारे कार्यकर्ते, या सगळ्यांना लॉक आवरतो. मीही लावतो. फक्त मागची पॉवरची वायर उपटणाऱ्याला तो आवरत नाही.

दुसरा मुद्दा मात्र डोकं फिरवणारा आहे: 'पॅनेल लॉक असलं की नेटवर्कवरूनही काही बदलता येत नाही, त्यामुळे वायफायला पासवर्ड कशाला?' अहो, पॅनेल म्हणजे समोरची बटणं आणि आवाज कमी-जास्त करायचे सरकते दांडे, म्हणजे फेडर. लॉक तेवढ्यापुरता. मागे नेटवर्कची केबल लागते, तो वेगळा दरवाजा. बेहरिंगरचा एक्स-३२ घ्या, कितीतरी ठिकाणी दिसतो. टॅबलेट किंवा फोनवरच्या ॲपचे हुकूम तो यूडीपी पोर्ट १००२३ वर, म्हणजे नेटवर्कच्या एका ठरलेल्या क्रमांकाच्या दारावर, घेतो आणि पासवर्ड विचारत नाही. त्याच नेटवर्कवर असलात की झालं.

मामांना सभागृहातच करून दाखवलं. मिक्सरचं पॅनेल लॉक केलं. मामांनी स्वतः दोन-चार फेडर ओढून पाहिले, आवाज जागचा हलेना. चेहरा खुलला. मग मी शेवटच्या रांगेत जाऊन बसलो, फोनवर ॲप उघडलं आणि चालू असलेला अभंग म्यूट केला. मामा अजून फेडरकडेच बघत होते. पासवर्ड नसलेल्या वायफायवर हेच काम कार्यक्रमाला आलेलं कुठलंही कॉलेजचं पोरगं करू शकतं.

उरलेले दोन मुद्दे 'डान्टे'बद्दल, म्हणजे नेटवर्कच्या केबलवरून ऑडिओ नेण्याच्या पद्धतीबद्दल. 'लॉक केलं की आवाज तुटतो' आणि 'पिन विसरलात तर मशीन कंपनीत पाठवावं लागतं.' दोन्ही बाता. डान्टे ज्यांचं आहे त्या ऑडिनेट कंपनीच्याच माहितीपुस्तिकेत डिव्हाइस लॉकचं सगळं दिलंय. पिन चार आकडी. लॉक झाल्यावर आधी जोडलेला ऑडिओ चालूच राहतो, फक्त जोडण्या आणि सेटिंग बदलता येत नाहीत. पिन विसरला तर ते यंत्र बाकी नेटवर्कपासून सोडवायचं, एकट्या लॅपटॉपला जोडायचं आणि डान्टे कंट्रोलर या सॉफ्टवेअरमधून पिन रीसेट करायचा. चालू कार्यक्रमात हे जमणार नाही, हे खरं. म्हणून पिन यंत्रं ठेवतात त्या रॅकवर नाही, वहीत लिहा. आणि मेसेजमध्ये सुचवलाय तसा १२३४ ठेवू नका. शिवाय हा लॉक डान्टेच्या जोडण्यांचा आहे, समोरच्या नॉबचा नाही. नावं सारखी म्हणून दोन्ही एक समजून कुणीतरी हा मेसेज रचलाय.

मामांचा रात्री फोन आला. "अरे, मग रॅकलाच कुलूप लावू का?"

"लावा ना. पण आधी वायफायला पासवर्ड लावा, आणि तो नोटीस बोर्डवर चिकटवू नका."

"तो चिकटवलाय रे आधीच, जुना."