नऊ वर्षांची मुलगी तुरुंगात गेली होती, तुमचा मुलगा फक्त कादंबरी वाचतोय

अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. ‘शाळेत आपल्या मुलांच्या डोक्यात विष!’ असं शीर्षक आणि खाली लाल उद्गारचिन्हांची रांग. रोख आहे ‘द वॉटसन्स गो टू बर्मिंगहॅम – १९६३’ या क्रिस्टोफर पॉल कर्टिस यांच्या कादंबरीवर. नागरी हक्क चळवळ, म्हणजे कृष्णवर्णीयांचा समान हक्कांसाठीचा लढा, शिकवताना ती मुलांना वाचायला दिली जाते. फॉरवर्डचे आक्षेप पाच. एक, पहिल्या पानापासून हिंसा आहे, दहा-बारा वर्षांच्या कोवळ्या मनांना हे झेपत नाही. दोन, कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे. तीन, गुलामगिरी लिंकनने संपवली, आता कशाला उकरता? चार, यातून गोऱ्यांचा द्वेष शिकवतात. पाच, आपण गुणवत्तेवर इथे आलो, काळ्यांच्या भांडणाशी आपला काय संबंध? शेवटी आदेश : शाळेला पत्र लिहा आणि आपल्या मुलाला यातून वगळायला सांगा.

माझ्या न्यू जर्सीतल्या मावसबहिणीने तो मला पाठवला आणि विचारलं, “ताई, लिहू का गं पत्र?” तिचा मुलगा सहावीत आहे. पुस्तक तिने वाचलेलं नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानेही ते उघडलेलं नाही, हे मी पैजेवर सांगते. कारण पहिल्या प्रकरणात काय आहे? मिशिगनमधल्या फ्लिंट गावची हाडं गोठवणारी थंडी, आणि गाडीच्या आरशात स्वतःलाच मुका द्यायला गेलेला थोरला भाऊ बायरन, ज्याचे ओठ त्या आरशाला चिकटून बसतात. ही हिंसा! पुस्तकाचा बराच मोठा भाग असाच आहे : भावंडांची मारामारी, आईचा धाक, वडिलांचे विनोद. वाया चाललेल्या बायरनला आजीच्या हवाली करायला हे कृष्णवर्णीय कुटुंब अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमकडे निघतं. तिथल्या चर्चमधला बॉम्बस्फोट येतो तो पार शेवटाकडे, बायरनच्या दहा वर्षांच्या भावाच्या, केनीच्या नजरेतून. तोवर वाचणारं मूल त्या घरातलंच झालेलं असतं.

आता ‘कोवळी मनं’. इथे माझा संयम सुटतो.

१९६३ च्या मे महिन्यात बर्मिंगहॅममध्ये वर्णभेदाविरुद्ध रस्त्यावर कोण उतरलं होतं? शाळेतली मुलं. मोठी माणसं मोर्च्यात दिसली की नोकरी जायची, भाड्याचं घर जायचं. मुलांना नोकरीच नव्हती, तेव्हा मालक काढणार कोणाला? जेम्स बेव्हेल या कार्यकर्त्याने हे हेरलं. मुलांना पुढे करावं का, याबद्दल मार्टिन ल्यूथर किंगही आधी साशंक होते. २ मे रोजी मुलं वर्ग सोडून सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये जमली आणि तिथून गाणी म्हणत बाहेर पडली. शेकडो मुलं पकडली गेली, त्यांना न्यायला शाळेच्या बसगाड्या वापरल्या. दुसऱ्या दिवशी शहराच्या पोलीस आणि अग्निशमन दलांचा आयुक्त बुल कॉनर याने मुलांवर आगीच्या बंबांचे पाण्याचे झोत सोडले, कुत्री सोडली. ऑड्री फे हेंड्रिक्स ही मुलगी आठवडाभर तुरुंगात होती. वय वर्षं नऊ. पुढे शाळा मंडळाने हजारावर मुलांना काढून टाकलं, आणि त्यांना परत घ्यायला वरच्या न्यायालयाचा आदेश लागला.

त्याच चर्चमध्ये १५ सप्टेंबरला, रविवारी सकाळी, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्णद्वेषी संघटनेच्या माणसांनी बॉम्ब ठेवला. चार मुली गेल्या. अ‍ॅडी मे कॉलिन्स, कॅरोल रॉबर्टसन आणि सिंथिया वेस्ली या तिघी चौदा वर्षांच्या होत्या, डेनिस मॅकनेअर अकरा वर्षांची. म्हणजे आपल्या सहावीतल्या मुलाएवढी. बॉम्ब टाकणाऱ्यांना ती कोवळी वाटली नाही. साठ वर्षांनी तिची गोष्ट नुसती वाचायला मात्र आपली मुलं फार कोवळी!

कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे, हे मान्य. जरा नाखुशीनेच, पण मान्य. वॉटसन कुटुंब काल्पनिक आहे आणि बायरनचे उद्योग रंगवताना चळवळ बरीचशी पडद्याआड राहते. मी वर सांगितलेला मुलांचा मोर्चा कथेच्या ओघात येतच नाही. एवढीच कादंबरी वाचून धडा संपवणारा शिक्षक अर्धंच शिकवतो. पण लेखकाने फसवणूक केलेली नाही. शेवटी जोडलेल्या टिपणात तो खरा काळ, खरी घटना आणि त्या चार मुलींची नावं सांगतो. फॉरवर्डवाल्यांना निदान शेवटची पानं तरी चाळता आली असती.

लिंकनबद्दल फार बोलायला नको. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने गेली. काळ्यांना वेगळी शाळा, वेगळा नळ, बसमध्ये मागची जागा हे सगळं त्यानंतरचं.

गोऱ्यांचा द्वेष? या स्फोटाचा बंद पडलेला तपास १९७१ मध्ये पुन्हा सुरू करणारा आणि १९७७ मध्ये बॉम्ब ठेवणाऱ्यांपैकी रॉबर्ट चॅम्ब्लिसला शिक्षा मिळवून देणारा अलाबामाचा अ‍ॅटर्नी जनरल बिल बॅक्सली गोराच होता. आणखी दोघांना २००१ आणि २००२ मध्ये दोषी ठरवून घेणारा सरकारी वकील डग जोन्सही गोराच. शिक्षकाने हेही सांगावं, पुढे चला.

आता ‘आपला काय संबंध’. १९२३ साली भगतसिंग थिंड (आपले शहीद भगतसिंग नव्हेत) यांना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व नाकारलं, कारण ते ‘गोरे’ ठरत नव्हते. १९४६ च्या कायद्याने भारताला कोटा दिला : वर्षाला शंभर माणसं. अख्ख्या देशातून शंभर! १९६० साली तुमच्या आजोबांकडे सुवर्णपदक असतं तरी रांग तीच. ती मोडली ३ ऑक्टोबर १९६५ रोजी, जेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी जन्मदेशावरचे कोटे रद्द करणाऱ्या कायद्यावर सही केली. ज्या अमेरिकी संसदेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्काचा कायदा केला, तिनेच हाही केला. घरात वर्णभेद बेकायदा ठरवल्यावर दारावर जन्म बघून माणसं निवडणं टिकणार नव्हतं. तुमच्या गुणवत्तेसाठी दार उघडलं ते बर्मिंगहॅमच्या रस्त्यावर भिजलेल्या पोरांमुळेही. आणि मराठी माणसाला तर हे विचारूच नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. ते अमेरिकेला कधी गेलेही नव्हते.

बहिणीला मी म्हटलं, पत्र जरूर लिही. फक्त वगळा म्हणू नकोस. विचार, की कादंबरी झाल्यावर मुलांना २ मेच्या मोर्च्याबद्दल सांगणार आहात का, आणि १९६५ च्या दोन्ही कायद्यांबद्दल? वर्गात हात वर करून बोलण्यासारखं तुझ्या मुलाकडेही काहीतरी असेल.