‘तोंड बंद ठेवा, वजन उतरेल’ म्हणे!

आमच्या इंदूरच्या रामबाग वस्तीच्या ग्रुपवर आठवड्याभरात एकच फॉरवर्ड तिघांनी टाकलं: “लठ्ठपणाचं कारण एकच, जिभेवर ताबा नाही. जीन्स, थायरॉइड, औषधं ही सगळी निमित्तं. तोंड बंद ठेवा, वजन उतरेल. बीएमआय 25 च्या आत असेल तर बिनधास्त सराफ्यात जा.” (सराफा म्हणजे आमचा रात्रीचा खाऊबाजार.) इथल्याच शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवलंय, गप्प बसवेना.

शेवटचं वाक्य आधी घेते, कारण घोळ तिथे मोठा आहे. भारतीयांसाठी 2009 मध्ये भारतातल्याच तज्ज्ञांनी बीएमआयची हद्द खाली आणली: 23 पासून जादा वजन, 25 पासून लठ्ठपणा. म्हणजे 24 वाले काका बिनधास्त नाहीतच. असं का, ते पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःच्याच देहावर दाखवलं. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय 22.3. युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2! बीएमआय म्हणजे किलोला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागणं. चरबी किती नि स्नायू किती, ती पोटात आहे की मांडीवर, हे त्या भागाकाराला कुठून कळणार? शिंप्याची टेप जास्त सांगते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. पुरुषांना 90 सेंटिमीटर, बायकांना 80, त्यापुढे सावध. पट्टा बांधतो तिथे मोजू नका, तो पोटाखाली सरकलेला असतो.

आता ‘जीन्स हे निमित्त’. 1986 मध्ये डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांचा अभ्यास झाला. मोठेपणी त्यांची अंगलट जन्मदात्यांसारखी निघाली. ज्यांच्या ताटात जेवून वाढली, त्यांच्यासारखी नव्हे. 1994 मध्ये लेप्टिन हे संप्रेरक सापडलं, चरबीच मेंदूला ‘साठा पुरेसा आहे’ असा निरोप धाडते तो याच्या हाती. ते जन्मतःच नसलेली दोन मुलं ब्रिटनमध्ये आढळली, भुकेनं सतत कासावीस. त्यांतल्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू झाली आणि भूक-वजन दोन्ही उतरलं. जिभेवरचा ताबा सुईतून आला म्हणायचा का? अशी उदाहरणं विरळा, हे खरं. पण भुकेची दोरी कोणाच्या हातात असते ते त्यावरून कळतं.

तोंड बंद ठेवून वजन उतरतं, पण बहुतेकांचं टिकत नाही. वजन घटलं की लेप्टिन उतरतं, भूक वाढवणारं घ्रेलिन चढतं, आणि बसल्या जागी होणारा ऊर्जेचा खर्चही शरीर आवरतं. अमेरिकेतल्या वजन उतरवण्याच्या टीव्ही-स्पर्धेतले 14 जण सहा वर्षांनी तपासले, तर हा खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरींनी कमीच होता. अहवाल 2016 चा.

मग खाण्याचा संबंध नाही? आहे की. आजोबांच्या आणि आपल्या जीन्समध्ये काही फरक पडला नाही, आजूबाजूचं सगळं बदललं. 2019 च्या एका प्रयोगात तीच माणसं साध्या, प्रक्रिया न केलेल्या जेवणापेक्षा कारखान्यातल्या तयार पदार्थांवर दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन बसली, जेवणात साखर-मीठ-चरबी दोन्हीकडे सारखीच ठेवलेली असून! आणि आपण तर सकाळी पोह्यांवर सेव, सोबत जलेबी, रात्री बाराला सराफ्यात गराडू, म्हणजे तळलेला कंद. हे मान्य. आजोबा मात्र राजवाड्यापर्यंत पायी जायचे.

थायरॉइडबद्दल ते फॉरवर्ड निम्मं बरोबर आहे. त्यानं वाढणारं वजन बहुधा थोडंच, आणि त्यातही बरंचसं पाणी. औषधांचं मात्र साफ चूक. स्टिरॉइड, इन्सुलिन, मानसिक आजारावरच्या काही गोळ्या वजन खरंच वाढवतात. आमच्या शेजारच्या वहिनी संधिवातासाठी दीड वर्ष स्टिरॉइडवर आहेत. चेहरा सुजला, पोट आलं, आणि भेटेल तो ‘जलेबी कमी करा’ म्हणतो. फॉरवर्ड तिसऱ्यांदा आलं, त्या रात्री त्यांनी ग्रुप सोडला.